तिसऱ्या आठवड्याचा पतंग

भीमा नदीच्या अलीकडच्या काठाला शिरूर तालुका आणि पलीकडच्या काठाला दौंड. पाखरांना त्याचं काही सोयरसुतक नाही. चांगदेव ओव्हाळला मात्र होतं. गेलं वर्षभर तो नदीकाठी बसून डायरीत लिहीत होता, ‘चक्रवाक नऊ. पाच शिरूरला, चार दौंडला.’ मग ते चार उडून अलीकडं येऊन बसले की खाली आणखी एक ओळ, ‘सगळे शिरूरला.’ इतकी काटेकोर हजेरी गावच्या शाळेतही कधी कुणी घेतली नसेल.

चांगदेव काही शिकलासवरलेला पक्षीतज्ज्ञ नव्हता. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये तो सव्वीस वर्षं मशीनवर होता. पन्नाशी उलटलेली, मिशा पिकलेल्या. कंपनीतली पोरं त्याला ‘ओव्हाळ मामा’ म्हणायची. आठ तास कानात बोळे घालून पत्रा दाबायचा, आणि बोळे असूनही ती धडधड हाडांत उतरायची. शिफ्ट सुटून गेटबाहेर आलं की तो बोळे काढून खिशात टाकी, आणि मग जो पहिला आवाज कानावर पडे, टिटवीचा असो नाहीतर साध्या चिमणीचा, तो त्याला फार गोड लागे. रस्त्याच्या कडेला तो तसाच उभा राही. बसवाला हॉर्न वाजवी तेव्हा कुठं भानावर येई.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात कंपनीत पर्यावरणाचा एक कार्यक्रम झाला. शिरूरच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या प्रतिभा मॅडम पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, आपल्या दोन तालुक्यांत वर्षभर कुठं कोणता पक्षी, कोणता पतंग, कोणतं वटवाघूळ दिसतं ह्याची नोंद कुणाकडंच नाही. ज्याला जमेल त्यानं ठेवावी. जे दिसेल तेवढंच लिहावं आणि वर्ष पुरं करावं. आपण त्याची पुस्तिका काढू. कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांनी सामोसा घेतला. चांगदेवनं सामोसाही घेतला आणि मॅडमचा नंबरही. कंपनीनं वाटलेली नव्या वर्षाची डायरी घरी कोरीच पडली होती. एक जानेवारीला त्यानं तिच्यात पहिली ओळ लिहिली, ‘साळुंक्या दोन. अंगणात.’

ह्या वयात हा नाद कशाला, असं कुणी विचारलं तर तो मान खाजवून हसायचा. खरं कारण त्यानं फक्त गोकुळला सांगितलं होतं. गोकुळ म्हणजे कंपनीच्या बसमधला त्याचा कायमचा शेजारी.

“सव्वीस वर्षांत किती पीस काढले आसतील मी?” चांगदेव म्हणाला. “लाखांनी. एकावर तरी माझं नाव हाय का? ह्या पुस्तकात येईल बघ. अमक्या दिवशी अमकं दिसलं, बघणारा चांगदेव ओव्हाळ.”

गोकुळनं डोळे न उघडताच सांगितलं, “मामा, गेटपासवर नाव हाय की तुमचं. फोटोसकट.”

तर असं. पोरगी सायली नर्सिंगला पुण्यात, घरात तो आणि बायको सीमा. सीमा फार बोलणारी नव्हती. नवऱ्याला नाद लागला तो दारूचा नाही, पाखरांचा, ह्यातच तिचं समाधान होतं.

कंपनीत तीन शिफ्ट. फर्स्ट, सेकंड आणि नाईट, दर सोमवारी बदलायच्या. चांगदेवचं सगळं आयुष्य ह्या रहाटाला बांधलेलं, मग डायरी कशी सुटेल? सेकंडच्या आठवड्यात सकाळ मोकळी मिळायची, तेव्हा तो पक्ष्यांना जाई. आदल्या रात्री घरी यायला साडेबारा वाजलेले, अंगात अजून झोप, अशात तो धुक्यातून नदीवर उतरे. पाण्यावर वाफ आणि वाफेत कुठंतरी चक्रवाकांचा घोगरा आवाज. आपण जागे आहोत की अजून गोधडीत आहोत, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं. फेब्रुवारीत ज्वारी हुरड्यावर आली तेव्हा भोरड्यांचे थवे उतरले. शेतकरी माळ्यावर उभे राहून गोफणी फिरवत होते, आणि बांधावर हा बाबा उभा, ‘अंदाजे दोन हजार’ लिहीत. एकानं त्याला गोफणच मारायची बाकी ठेवली होती. उन्हाळ्यात माळावर चंडोल गाताना उंच उंच गेला आणि दिसेनासा झाला, तेव्हा डायरीत नोंद झाली, ‘चंडोल एक. अजून वरच आहे.’ सप्टेंबर सरता सरता नदीकाठच्या दगडांवर शेपटी हलवत पहिला धोबी पक्षी आला. तेव्हा त्याला परगावी गेलेला पाव्हणा परत आल्यासारखा आनंद झाला.

फर्स्टच्या आठवड्यात चार-सव्वाचारला तो घरी यायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि नदीकडच्या मोठ्या वडाखाली जाऊन बसायचा. त्या वडावर वटवाघळांची वस्ती होती. अंधारून आलं की ती एकेक करून सुटायची, आणि मग आभाळच हलायला लागायचं. चांगदेव बोटांवर मोजायचा. पहाटे चारला उठलेला माणूस, दोनशेच्या पुढं हटकून त्याचा डोळा लागायचा. झोपेतही वाघळं जातच राहायची, मोठी, संथ, दौंडकडच्या पेरूच्या बागांकडं. जाग आली की तो प्रामाणिकपणे लिही, ‘दोनशे चौदा. पुढची झोपेत गेली.’ मग टॉर्च लावून घरी यायचा. सीमा गार झालेला चहा पुन्हा गरम करायची.

आणि नाईटचा आठवडा पतंगांचा. सकाळी सातला शिफ्ट सुटे, बस यायला वीस मिनिटं. कंपनीच्या गेटाशी पांढरी भिंत, तिच्यावर रात्रभर जळणारे मोठे दिवे. भिंतीखाली कंपनीनं शोभेसाठी कण्हेर लावलेली. रात्रभरात दिव्यावर आलेले पतंग पहाटे त्या भिंतीवर चिकटून बसलेले असायचे. तपकिरी, राखी, पिवळे, काही नखाएवढे, काही तळहाताएवढे. बिहारचा एक वॉचमन झाडू घेऊन उभा असे. तो म्हणे, “मामा, जल्दी देख लो, साहब आने से पहले झाड़ू मारना है।” चांगदेव भिंतीला नाक लावून सरकत जाई. रात्रभराच्या जागरणानं डोळे जड, आणि त्या जड डोळ्यांपुढं एवढे रंग. त्याला वाटे, आपण झोपलोच आहोत आणि हे आतलं काहीतरी आहे. फोन काढून तो फोटो मारी, तारीख लिही, आणि बसमध्ये बसला की पहिल्याच वळणाला खरंच झोपून जाई. घरी येऊन जेवून पुन्हा झोपे ते थेट दिवेलागण उलटून गेल्यावरच उठे.

त्या भिंतीवर तीन जुलैला त्याला तो दिसला.

हिरवा. शेवाळलेल्या दगडावर गुलाल सांडावा तसा पंखांवर गुलाबी डाग, मधून पांढुरक्या रेघा. मागं निमुळता, एखाद्या विमानासारखा. झाडू येईपर्यंत चांगदेव त्याच्यापुढून हलला नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वॉचमनचा हात धरला. मग हलकेच त्या पतंगाला कागदावर घेऊन कण्हेरीत सोडलं. मॅडमनी फोटो बघून कळवलं, हा कण्हेरीवरचा पतंग, ह्याची अळी कण्हेरीचा नाहीतर तगरीचा पाला खाते.

चोवीस जुलैला तो पुन्हा आला. मग चौदा ऑगस्टला. मग चार सप्टेंबरला. चांगदेवनं बसमध्ये बोटं मोजली आणि त्याची झोप उडाली. एकवीस दिवस, पुन्हा एकवीस, पुन्हा एकवीस. नोव्हेंबरपर्यंत सात वेळा तो दिसला आणि सातही वेळा तिसऱ्या आठवड्याला. एखाद दिवस इकडंतिकडं, बास. फोनवर त्यानं वाचलं, की अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून पतंग व्हायला तीन-चार आठवडेच लागतात. म्हणजे जुळलं. एक पिढी मरते, दुसरी तयार होते, आणि बरोबर एकवीस दिवसांनी भिंतीवर हजर होते. हे कुणी लिहिलेलं त्याला कुठं सापडलं नाही. म्हणजे पहिला बघणारा तोच.

त्यानं तारखा मॅडमना पाठवल्या. मॅडम झाडाझुडपांच्या, पण त्यांनाही हे नवल वाटलं. जानेवारीत दौंडला नोंदी ठेवणाऱ्या सगळ्यांची बैठक होती. त्यांनी चांगदेवला पाच मिनिटं बोलायला दिली, आणि पुस्तिकेत ही गोष्ट वेगळ्या चौकटीत छापू म्हणाल्या. नावासकट.

तेव्हापासून तो तरंगत होता. मशीनवर पत्रा सरकवताना त्याला ती चौकट दिसायची. बारीक काळी रेघ, आत हिरवा पतंग, खाली चांगदेव ओव्हाळ.

बैठक रविवारी. शनिवारी नाईट होती, त्यानं रजा टाकली. संध्याकाळी उठून तोंड धुतलं, आणि सीमा मेथी निवडत बसली होती तिच्यापुढं उभा राहून बोलून बघू लागला.

“नमस्कार. मी चांगदेव ओव्हाळ. ह्यो जो पतंग हाय, ह्यो दर एकवीस दिवसांनी येतो...”

“कुठला?” सीमानं विचारलं.

त्यानं फोन तिच्यापुढं धरला. तिनं हात पदराला पुसून फोन जवळ घेतला.

“हे हिरवं पाखरू व्हय? हे तर रोज येतं.”

“कुठं?”

“आपल्या जाईवर. पावसाळाभर. दिवे लागायच्या टायमाला. कवा कवा दोन दोन.”

चांगदेव हसला. “रोज न्हाई येत ते. तू दुसरं काय तरी बघितलं आसशील.”

“दुसरं कसं?” सीमा मेथीची जुडी खाली ठेवत म्हणाली. “फुलावर बसत न्हाई ते. हवेतच उभं ऱ्हातं आन् लांबनं सोंड घालतं. पंख दिसतच न्हाईत, नुसता आवाज येतो, लांबच्या घरात शिलाई मशीन चालल्यावानी. आन् आळ्या तगरीवर आसत्यात, हिरव्या, निळ्या डोळ्याच्या. मला पैल्यांदा भ्या वाटलं व्हतं.”

चांगदेवचं हसू मावळलं. निळ्या डोळ्यांची अळी त्यानं नुसती फोनवर बघितली होती, सीमानं ती फोनवर कधी बघितली नव्हती, म्हणजे खरीच बघितली असणार. आणि तो पतंग उडताना कसा दिसतो, त्याच्या पंखांचा आवाज कसा येतो, हे तर त्यालाच ठाऊक नव्हतं. त्यानं सातही वेळा तो भिंतीवर गप्प बसलेला बघितला होता.

“मग मला सांगितलं का न्हाईस?”

“तुम्ही कवा इचारलं?” सीमा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “मला वाटलं तुम्हाला ठावं आसंल. तुम्ही एवढं लिहिता.”

भिंतीवर नवं कॅलेंडर लागलं होतं, पण त्याच खिळ्याला खाली जुनंही होतं. त्यातल्या प्रत्येक चौकोनात सीमाच्या हाताचं एक बारीक अक्षर होतं, ‘फ’, ‘से’ किंवा नाईटचा ‘ना’. डबा पहाटे करायचा, दुपारी की रात्री, हे कळावं म्हणून ती वर्षानुवर्षं तसं लिहायची. चांगदेवनं ते कॅलेंडर उतरवलं, शेजारी डायरी उघडली आणि बोट ठेवत गेला. तीन जुलै, ना. चोवीस जुलै, ना. चौदा ऑगस्ट, ना. सातही तारखा ना. पतंगाचं चक्र कुठलं आलंय, ते त्याच्याच शिफ्टचं चक्र होतं. अंडं, अळी, कोष सगळं राहिलं बाजूला, ऑफिसातल्या कुणीतरी कॉम्प्युटरवर लावलेलं वेळापत्रक तो निसर्गाचा नियम म्हणून सांगत सुटला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्याचा अर्थ त्याला बावन्नाव्या वर्षी कळला. आधी त्याला बायकोचाच राग आला. मग तो राग ठरेना, आणि लाज वाटायला लागली. सगळी डायरी त्यानं पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. पक्षी एका आठवड्यात, वाघळं दुसऱ्या, पतंग तिसऱ्या. वर्ष पुरं केलं, वर्ष पुरं केलं म्हणून तो मिरवत होता, आणि हातात होतं ते तिसऱ्या हिश्शाचं वर्ष.

रात्री जेवताना त्याच्या मनात आलं, गप्प बसलं तर? तारखा खऱ्या होत्या, फोटो खरे होते. जे दिसलं तेच त्यानं लिहिलं होतं. सीमा कुणाला सांगायला जाणार नव्हती, आणि दौंडात कुणाला तिच्या कॅलेंडरवरचा ‘ना’ दिसणार होता? चौकट तयार होती. नुसतं तोंड उघडून पाठ केलेलं बोलायचं होतं. त्या रात्री त्याला कामावर जायचं नव्हतं, तरी झोप आली नाही.

सकाळी गाडीला किक मारताना तो म्हणाला, “तूबी चल.”

“मी कशाला?”

“चल.”

बैठक एका शाळेच्या वर्गात होती. तीसेक माणसं, बाकांवर कशीबशी मावलेली. यवतचा एक धाबेवाला होता, कुरकुंभच्या कंपनीतला एक केमिस्ट होता, काही कॉलेजची मुलं होती. सीमा शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसली. चांगदेवचं नाव पुकारलं तेव्हा त्यानं खिशातला कागद काढलाच नाही.

“मॅडम, मी जे पाठवलं व्हतं ते चूक हाय,” तो म्हणाला. “त्यो पतंग एकवीस दिवसांनी येत न्हाई. मी एकवीस दिवसांनी येतो.”

कुणाला काही कळेना. मग त्यानं सगळं सांगितलं. शिफ्टचं, भिंतीचं, कॅलेंडरचं. मागं दोन मुलं हसली. त्यांना कुणीतरी दटावलं. मॅडमनी समोरच्या कागदावर एक रेघ मारली. ती त्या चौकटीवर मारली, हे चांगदेवला उभ्या जागेवरून दिसलं. आता त्याचं नाव शेवटच्या पानावर, बाकीच्या तीस जणांच्या रांगेत येणार होतं. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तरी तो खाली बसला नाही.

“पर रोज कुठं येतो, किती वाजता येतो, कशावर येतो, हे बघितलेलं माणूस हाय,” तो म्हणाला. “ती मागं बसलीय.”

सगळ्या माना वळल्या. सीमानं पदर सारखा केला आणि उठून उभी राहिली. पहिल्यांदा ती चाचरली. मग मॅडम एकेक विचारत गेल्या आणि ती सांगत गेली. आषाढ लागला की येतो. साडेसहाच्या पुढं, पावणेआठच्या आत. आधी वरच्या फुलांवर, मग खालच्या. पाऊस रिपरिपत असला तरी येतो, पण वारं असलं की नाही. तगरीवरच्या अळ्या काळपट पडल्या की मातीत उतरतात. मधे एक आठवडा अजिबात आला नाही, तेव्हा शेजारच्या उसावर औषध मारलं होतं. मघा हसलेली मुलं आता वहीत लिहून घेत होती. चांगदेव फळ्याशी उभा राहून ऐकत होता. ह्या बाईबरोबर त्याचा पंचवीस वर्षांचा संसार झाला होता, आणि ह्यातलं एक अक्षर त्यानं ऐकलं नव्हतं.

“सीमाताई,” प्रतिभा मॅडम म्हणाल्या, “रोज एकाच वेळी, एकाच जागी बसून बघायचं, हे आमच्यातल्या कुणालाही वर्षभर जमत नाही. तुम्हाला कसं जमलं?”

“त्यात काय जमायचं,” सीमा म्हणाली. “वाट बघत बसलेली आसायचे पायरीवर.”

“ह्या पतंगाची?”

“न्हाई,” ती म्हणाली. “ह्यांची. सेकंडला कामावर, नाईटला झोपलेले, पर फर्स्टला चारला घरी येऊनबी हे वाघळं मोजाया जायचे. चहा ठेवून मी बसायचे. मग सवयच लागली, रोजच बसायला लागले.”

वर्गात सगळे हसले, आपुलकीनंच हसले. सीमाही हसली. चांगदेवला मात्र हसता आलं नाही. आपण बघितलं नाही ते कुणीच बघितलं नाही, असं तो एक वर्ष नाही, पंचवीस वर्षं धरून चालला होता.

परत येताना भीमेच्या पुलावर ऊन तिरपं झालं होतं. खाली पाण्यात चक्रवाक होते. चांगदेवनं गाडी थांबवली नाही.

“उद्यापासून फर्स्ट हाय तुमची,” मागून सीमा म्हणाली.

“व्हय. चारला येतो. चहा लगीच ठेव, पायरीवर बसून घिऊ.”

“आत्ता पाखरू न्हाई येत. जाईला फूल न्हाई. आषाढात येतं.”

“नसू दे.”

पूल संपला, शिरूरची हद्द लागली. मग तिनं विचारलं, “आन् वाघळं?”

“मी मोजली न्हाई म्हणून ती काय उडायची राहतात व्हय?” चांगदेव म्हणाला.